चौऱ्याऐंशी ठोके

“...पण मग सर, इथं मी शिकायचं नक्की काय?”

मोकाशी डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहिलं.

“हात धरायला,” ते म्हणाले.

“कुणाचा?”

“तीन नंबरच्या आजींचा.”

निहार खैरनार हसला. नाशिकचा मुलगा, चोविशीतला, डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत विद्यापीठात तिसरा आलेला. इंटर्नशिपमधले खेड्यातले महिने काढायला आमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात येऊन त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. तेवढ्यात आमचं काय काय चुकतं ते सगळं त्याने आम्हाला सांगून टाकलं होतं.

मी एस्तेर साळवे, इथली मोठी सिस्टर. पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात, या एका दवाखान्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्या सकाळी मी वॉर्डात औषधांची ट्रॉली फिरवत होते, म्हणून हे बोलणं माझ्या कानावर पडलं.

“सर, नाडी बघायला माणूस कशाला बसवायचा? मॉनिटर लावा.”

“मॉनिटर एकच आहे. आज तो बाळंतिणीच्या खोलीत लागणार.”

“मग बोटाला क्लिप लावा.”

“लावलीय. बघ.”

निहारने वाकून पाहिलं. तीन नंबरच्या खाटेवरच्या हौसाबाईंच्या बोटाला क्लिप होती आणि तिच्यावर आकड्यांऐवजी दोन आडव्या रेघा होत्या. म्हातारीचं हृदय थकलं होतं. हातपाय गार पडले होते, आणि गार बोटात त्या यंत्राला काही सापडत नव्हतं.

“म्हणून हात,” सर म्हणाले. “नाडी बारीक झाली, चुकायला लागली, की मला हाक मार. मी इंजेक्शन देईन. आणि लगेच तिच्या लेकाला बोलावून घेऊ. एवढंच काम.”

“लेकाला कशाला?”

याचं उत्तर खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या शेवंताने दिलं. ती हौसाबाईंची थोरली लेक. दोन दिवस ती तिथून हलली नव्हती.

“आयेनं सांगून ठेवलंय, डॉक्टरसायब. शेवटचं पानी बाजीच्या हातचं. दुसऱ्या कुनाचं नगं म्हनती.”

बाजी म्हणजे बाजीराव, धाकटा लेक. कराडला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तोही दोन दिवस बसून होता, रजा संपली म्हणून आदल्या संध्याकाळी गेला. जाताना घरच्या विहिरीचं पाणी तांब्यात भरून खाटेखाली ठेवून गेला होता. तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं होतं.

“तासाभराच्या वाटंवर हाय,” शेवंता म्हणाली. “हाक मारली की निगतोय.”

निहारने मान डोलावली. स्टूल ओढलं. पण बसला नाही.

“सर, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचार.”

“तुम्हाला वाटतं ना, की आमची बॅच कच्ची? कोरोनात घरी बसून शिकलेली? सगळे जुने सर तेच म्हणतात. ऑनलाइन डॉक्टर.”

“मी म्हणालो?”

“नाही. पण हात धरायला बसवता.”

सर हौसाबाईंच्या पायांवरची चादर सारखी करू लागले.

“खरं सांगू? वर्गात शिकलो असतो तर मला निम्मंही कळलं नसतं. दीडशे मुलं. पेशंटच्या खाटेभोवती तीन रांगा. स्क्रीनवर सरांची बोटं एवढी मोठी दिसायची. कळलं नाही तर मागे घ्यायचं, परत बघायचं. दहा वेळा. कोणी ओरडत नाही.”

“खरं आहे,” सर म्हणाले. “मी तिसऱ्या रांगेत असायचो. मला आमच्या प्रोफेसरांचं टक्कल तेवढं पाठ झालं.”

ते मनापासून बोलत होते. आदल्याच दिवशी त्यांनी निहारच्या मोबाइलवर टाके घालायची एक नवी पद्धत दोनदा पाहिली होती, आणि छान शिकवतो हा माणूस, असं मला येऊन सांगितलं होतं. सत्तरी गाठलेल्या माणसाला नवं शिकायची लाज नव्हती. त्या पोराला मात्र आमच्याकडून काही शिकावंसं वाटत नव्हतं, आणि त्याचा मला राग यायचा, हे इथेच सांगून टाकते.

“आणि वेळ किती वाचतो!” निहार रंगात आला. “मी सगळी लेक्चर्स दुप्पट वेगाने ऐकली. तासाचं काम अर्ध्या तासात.”

“नाडीचं पण?”

“नाडीचं पण.”

“नाडी दुप्पट वेगाने बघता येते?”

पलीकडच्या खाटेवरचे पायाला प्लास्टर घातलेले जंगम मास्तर फिस्सकन हसले. निहारही हसला. पोरगा दिलदार होता, नाही म्हणणार नाही. आपल्यावर हसणाऱ्यांना त्याने आणखी हसवलं.

“अहो, आमच्या प्रॅक्टिकलची गंमत ऐका. कॅमेऱ्यासमोर घरातल्या माणसाला तपासून दाखवायचं होतं. बाबा हॉस्पिटलात क्लार्क, ते ड्यूटीवर. आई शिक्षिका, तिचाही तेव्हाच ऑनलाइन वर्ग. माणूस आणू कुठून? मग मी लोडाला बाबांचा शर्ट घातला. बाहीत लाटणं खुपसलं. कॅमेऱ्यात दिसायचं काय, तर माझी पाठ आणि शर्टाची बाही. लाटण्याची नाडी धरली, घड्याळ बघितलं आणि सांगून टाकलं, शहात्तर, नियमित, भरदार!”

“आन मग?” शेवंताने विचारलं.

“पंचवीसपैकी पंचवीस!”

अख्खा वॉर्ड हसला. शेवंता पदर तोंडाला लावून हसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच. मीसुद्धा हसले. हौसाबाईंनी डोळे किलकिले करून काय चाललंय ते पाहिलं आणि पुन्हा मिटले.

सर तेवढे हसले नाहीत.

“लाटण्याला किती म्हणालास?”

“शहात्तर.”

“हं...”

“सर, काहीतरी सांगावं तर लागणार होतं ना!”

त्यावर सरांनी काही म्हणायच्या आत बाळंतिणीच्या खोलीतून हाक आली. वरच्या वाडीहून सकाळी आणलेली बाई अडली होती, आणि रक्त जास्त जात होतं. सर वळले.

“बस. हात धर.”

“किती वेळ, सर?”

“मी सोड म्हणेपर्यंत.”

सरांच्या मागोमाग मीही निघाले. दारापाशी एकदा वळून पाहिलं. निहार स्टुलावर बसला होता. मांडीवर मोबाइल उभा केलेला, एका कानात इअरफोनचं ते पांढरं बोंडूक. डावा हात मोबाइलवर. उजव्या हातात हौसाबाईंचं मनगट. चार बोटं खालून, आणि वरून, नाडीवर, अंगठा.

अंगठा.

नाडी तीन बोटांनी बघतात. नर्सिंगच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मेट्रनने अंगठा लावणाऱ्या मुलींच्या अंगठ्यावर पट्टी मारली होती. दोन शब्दांचं काम होतं. ‘बोटं, बाळा.’ एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं.

मी म्हणाले नाही. सर येतील आणि सगळ्यांदेखत याचा कान पकडतील, असं माझ्या मनात आलं. त्याची थोडी जिरावी, असं मला वाटलं. मी पडदा सारला आणि आत गेले.

बाळंतिणीची खोली आणि वॉर्ड यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची भिंत आहे, वर मोकळं. इकडचं तिकडे सगळं ऐकू येतं. सर त्या बाईसाठी झुंजत होते, माझे दोन्ही हात भरलेले होते, आणि तेवढ्यात वॉर्डात शेवंताचा फोन वाजला.

“बाजीचा हाय,” तिचा आवाज आला. “डॉक्टरसायब, तुमीच सांगा की त्येला. निगू का म्हनून इचारतोय.”

मग निहारचा आवाज. खणखणीत, ठाम. असा आवाज यायला आम्हाला वर्षं लागतात.

“हॅलो... हां, मी डॉक्टर खैरनार. अहो, नाडी आत्ता माझ्या हातातच आहे. चौऱ्याऐंशी. एकदम नियमित... छे छे, घाई कसली? ड्यूटी संपवून संध्याकाळी या आरामात.”

सरांचे हात क्षणभर थांबले.

“सकाळी एकशे वीस होती,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

“सकाळच्या इंजेक्शनाने उतरली असेल,” मी म्हणाले.

अंगठा मला तेव्हा आठवलाच नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे.

“कात्री,” सर म्हणाले. मी कात्री दिली.

भिंतीपलीकडे निहार शेवंताला सांगत होता, “अक्का, आता तुम्ही जरा चहा घेऊन या. दोन दिवस अशा बसलाय. मी आहे ना.” हे त्याने मायेनेच म्हटलं होतं. शेवंताच्या चपलांचा आवाज दाराकडे गेला.

पाऊण तासाने मूल रडलं. मुलगी झाली, आई वाचली. सरांच्या कपाळावरचा घाम मी टिपला. अकरा वाजून गेले होते. आम्ही हात धुऊन बाहेर आलो तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

सर वॉर्डाच्या दारातच थांबले.

“किती?”

निहारने कानातलं काढलं. मोबाइलवर कुठले तरी सर हृदयाचं चित्र काढून शिकवत होते, भराभर, दुप्पट वेगाने.

“चौऱ्याऐंशी, सर. मघापासून एक ठोका इकडचा तिकडे नाही.”

मी हौसाबाईंच्या पायांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत मला पाय वाचता येऊ लागलेत. ते मेणासारखे दिसत होते.

सर खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. म्हातारीच्या दुसऱ्या मनगटावर त्यांनी तीन बोटं ठेवली. थांबले. मग मानेवर ठेवली. थांबले. खिशातून टॉर्च काढून एक पापणी उचलली, मग दुसरी. नळी लावून छाती ऐकली. बराच वेळ ऐकली.

“एस्तेरबाई, पडदा ओढा.”

मी ओढला.

“सर?” निहार म्हणाला.

“गेल्या.”

“नाही, सर.” तो शांतपणे बोलला, कुणाची साधी चूक दुरुस्त करावी तसा. “नाही. नाडी लागतेय. आत्ताही लागतेय ना. हे बघा.”

सरांनी बघितलं नाही. ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“मोज.”

“अठ्ठ्याऐंशी... नाही, ब्याण्णव... सर, वाढतेय... शंभर... सर, वाढतेय! जिवंत आहेत त्या!”

सरांनी त्याचं मनगट धरून हात उचलला, आणि तोच अंगठा खाटेच्या कठड्यावर टेकवला. जुनी लोखंडी खाट, रंग उडालेली. अंगठा त्यांनी वरून दाबून धरला.

“आता?”

निहारने अंगठ्याकडे पाहिलं.

“सांग.”

“...”

“लागतेय?”

“लागतेय,” निहार म्हणाला.

त्याचा आवाज त्याचा राहिला नव्हता. मी या दवाखान्यात शेकडो माणसं मरताना पाहिली, त्यांच्या माणसांना कोसळताना पाहिलं. पण धडधाकट माणसाचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. डोळे त्या लोखंडाला चिकटले होते. अंगठा काढून घ्यायचंही त्याला सुचत नव्हतं. लोखंडाला नाडी होती. एकशे दहा, एकशे वीस... आणि शेजारी म्हातारी आ वासून निपचित पडलेली.

मांडीवरून मोबाइल खाली पडला. त्यातले सर बोलतच राहिले. शेवटी मी तो उचलून बंद केला.

“मला माहीत होतं,” निहार म्हणाला.

सरांनी नळी खिशात ठेवली.

“अंगठ्यात आपलीच नाडी लागते. अंगठा वापरायचा नाही. मला माहीत होतं, सर. परीक्षेत प्रश्न होता. एका मार्काचा. मी... बरोबर लिहिलं होतं.”

“हो,” सर म्हणाले.

मग त्यांनी त्याची तीन बोटं घेतली आणि हौसाबाईंच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, एकेक करून बसवली. लहान मुलाला पेन्सिल धरायला शिकवावी तशी.

“आता बघ.”

निहारने बोटं दाबली, थोडी सरकवली, पुन्हा दाबली.

“काही नाही,” निहार म्हणाला.

“नीट बघ.”

“काहीच नाही, सर... किती वेळ झाला असेल?”

“अर्धा तास. जास्तही असेल.”

“हाक मारली असती तर वाचल्या असत्या?”

“माहीत नाही.”

“आणि त्यांचा मुलगा...”

“इंजेक्शनावर तासभर तरी निघाला असता. तो पोचला असता.”

सर एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. निहारने मनगट सोडलं आणि तो उठू लागला. कुठे जायचं होतं त्याला, कोण जाणे. माणूस अशा वेळी नुसता दाराकडे बघतो.

“सोड म्हणालो मी?”

निहार परत बसला. तीन बोटं परत जागेवर ठेवली.

तेवढ्यात पडद्याबाहेर बांगड्या वाजल्या.

“डॉक्टरसायब, तुमाला बी चा आनलाय. आलं घालून.”

शेवंताने कोपराने पडदा सारला. दोन्ही हातांत दोन ग्लास. तोंड धुऊन, केस सारखे करून आली होती. आधी तिने आमच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

मी पुढे झाले. असल्या वेळचं बोलणं माझं काम असतं. सरांनी हाताने मला थांबवलं.

“अक्का,” निहार म्हणाला. “आजी गेल्या.”

“चवऱ्याऐंशी म्हनला व्हता तुमी.”

“ती त्यांची नव्हती. माझी होती. मी चुकीचा हात धरला... चुकीचं मोजलं. त्या आधीच गेल्या होत्या.”

तिला ते कळलं नाही. कसं कळणार? ग्लास तसेच हातात, चहा हिंदकळून बोटांवर सांडत होता, आणि तिला त्याचाही पत्ता नव्हता.

“पर तुमी हितंच व्हता न्हवं?” ती म्हणाली. “हात धरून व्हता न्हवं? एकली न्हवती न्हवं माजी आय?”

हो म्हणायला काय लागतं? मी असंख्य वेळा हो म्हणाले आहे. माणसाला तेवढाच आधार, आणि खोट्याचं पापही लागत नसावं असं मी धरून चालते. मी निहारकडे पाहिलं. म्हण बाबा, हो म्हण. हात तर धरलाच होतास.

निहारने सरांकडे पाहिलं. सर हौसाबाईंकडे बघत होते.

“हात धरला होता,” निहार म्हणाला. “पण लक्ष नव्हतं माझं. कानात दुसरंच चालू होतं. त्या कधी गेल्या, मला ठाऊक नाही, अक्का.”

शेवंताने दोन्ही ग्लास कपाटावर ठेवले. अगदी जपून. मग तिने हात उगारला. मला वाटलं, आता बसते याच्या कानाखाली, आणि खोटं कशाला बोलू, बसायला हवी होती. पण तो हात तिने स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

“आन मला चा प्यायला धाडलंसा...”

ती खाली बसली. तिच्या पायाशी तो तांब्या होता. झाकलेला, भरलेला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाजीला म्या न्हाई सांगायची. तुमीच सांगा. तुमीच म्हनला व्हता, घाई नगं.”

तिने फोन लावून त्याच्यापुढे धरला. निहारने उजवा हात मनगटावरून काढला नाही, डाव्या हाताने फोन घेतला. पलीकडून लोखंडावर हातोडा पडल्याचे आवाज येत होते.

“मी डॉक्टर खैरनार. मघाशी मी तुम्हाला... मी चुकीचं सांगितलं.”

पुढचं त्याने सांगितलं. पलीकडचा हातोडा चालूच राहिला, तो दुसऱ्याच कुणाचा असावा. बाजीरावाचा आवाज आलाच नाही. मग फोन बंद झाला.

तासभर निहार तसाच बसून होता. सर ओपीडीत जाऊन आले. खोकला, ताप, विंचू चावलेलं एक पोर, सगळं तपासलं. मी त्यांना औषधांच्या खोलीत गाठलं.

“सर, मी पाहिला होता अंगठा. जाताना. बोलले नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील आणि एकतीस वर्षांचं सगळं संपेल.

“मी पाहिलासुद्धा नाही, बाई,” ते म्हणाले. “हात धर म्हणालो आणि कसा धरतोय ते न बघता गेलो.”

बाहेर मोटरसायकल थांबली.

बाजीराव वर्कशॉपच्या कपड्यांतच आला होता. कोपरापर्यंत काळं ग्रीस. धिप्पाड माणूस, दारात मावेना. त्याने आईकडे पाहिलं नाही. आधी विचारलं, “फोनवर कोन व्हतं?”



सर पुढे झाले. “दवाखाना माझा आहे, बाजीराव. काय विचारायचं ते मला विचार.”

“मी होतो,” स्टुलावरून आवाज आला.

बाजीराव वळला. मी मध्ये पडायच्या तयारीने एक पाऊल टाकलं. त्याने निहारला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याची नजर त्या मनगटावर गेली, त्याच्यावरच्या तीन बोटांवर गेली, आणि तिथेच राहिली.

तो पुढे आला. खाली वाकला, तांब्या ओढला, फुलपात्र सुलटं करून त्यात पाणी घेतलं. ग्रीसचे हात त्याने शर्टाला पुसले, दोनदा, तीनदा, पण ते निघेना. तशाच हाताने त्याने आईचं डोकं उचललं आणि पाणी तिच्या ओठांत सोडलं.

पाणी आत गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून गालावर आलं, गालावरून उशीवर.

त्याने पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा घालताना तो म्हणाला, “घे की गं, आये... आलोय न्हवं म्या.”

उशीवर ओल पसरत गेली. जंगम मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवंता रडत नव्हती, भावाच्या हाताकडे बघत होती. फुलपात्र रिकामं झालं तरी त्याने ते तिच्या ओठांशी तसंच धरून ठेवलं होतं.

निहारची तीन बोटं मनगटावर होती. ती पांढरी पडली होती, त्यांत रक्त उरलं नसावं. तो मान वर न करता, ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला,

“सर... आता सोडू?”

सर पडद्यापाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“मला काय विचारतोस,” ते म्हणाले. “त्याला विचार.”